रजेचा रकाना

नांदेडला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात खरी नावं फक्त हॉलतिकिटावर असायची. एरवी सगळा कारभार गावावर. ‘किनवट, सर बोलावून राहिले,’ ‘ए देगलूर, तुझा फोन वाजतोय,’ असं चालायचं. त्या हिशेबानं आमच्या प्रोजेक्टच्या गटात लोहा, कंधार आणि औसा अशी तीन गावं होती. लोहा म्हणजे एक लांबडा, कमी बोलणारा मुलगा. त्याच्या वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, त्यामुळे तारा आणि स्क्रू यांच्यातच तो वाढलेला. कंधार माझी रूम पार्टनर, एकदा माईक हातात आला की सोडायची नाही. आणि औसा म्हणजे मी. वेबअ‍ॅप माझ्याकडे होतं. जे काही घडलं ते माझ्याच भागात घडलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी लोह्याच्या मोटरीला दोष द्यायला नको.

आम्ही गोळ्या देणारं यंत्र बनवलं. ठरलेल्या वेळी चाक फिरतं, खालच्या वाटीत गोळी पडते, भोंगा वाजतो, आणि गोळी उचलली की दूर बसलेल्या माणसाला वेबसाइटवर कळतं. आमच्या आधीच्या पोरांनी आपोआप लागणारे दिवे आणि आपोआप पाणी पिणारी झाडं यांचा इतका भडिमार केला होता की विषय ऐकूनच सर खूश झाले. त्यांना वाटलं, आम्ही खूप विचार केलाय. विचारबिचार काही नव्हता. मला माझ्या मोठ्या मायसाठी ते यंत्र पाहिजे होतं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं आयुष्यभर शिकवलं. मोठे बाबा गेल्यापासून लातूरच्या घरात ती एकटी राहायची. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच होते, कारण औशाहून रोज क्लासला जाणं जमणारं नव्हतं. त्या दोन वर्षांत तिनं मला जेवढं जेवू घातलं तेवढंच रागावलीसुद्धा. पहाटे चहाचा कप डोक्याशी ठेवायची आणि म्हणायची, ‘ऊठ, न्हाईतर चहावर साय येईल अन् तुझ्यावर बी.’ तिच्या बोलण्याचा अर्थ लावत बसले की झोप उडायची.

तिचा एकुलता मुलगा, आमचा दादा, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत. त्याला आई पुण्याला हवी होती. तिला पुणं नको होतं. तिला तिकडचं पाणी, हवा, लिफ्ट, कशाचीच तक्रार नव्हती. ती एकच म्हणायची, ‘तिथं मला बाई कोण म्हननार?’ लातूरला तिच्या गल्लीत भाजीवाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत निम्मे लोक तिचे विद्यार्थी. ती रस्त्यानं निघाली की दुकानातली माणसं उठून उभी राहायची. गल्लीच्या टोकाला विहार, तिथं तिचा शब्द चालायचा. पुण्यात ती कुणाची तरी आई होणार होती आणि नातवाची आजी, बस्स.

पण मग तिनं एका सकाळी बीपीची गोळी दोनदा घेतली आणि ओट्यापाशी चक्कर येऊन बसली. दादा धावत आला, बॅग भरायला लागला. घरात मोठा वाद झाला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि दादा कपाटातली लुगडी बाहेर काढत होता. मी मध्ये पडले. म्हणाले, दादा, मला थोडी मुदत दे, आम्ही यंत्र करून देतो, तुला तिथं बसून सगळं दिसेल. गोळ्या नीट चालल्या तर तिला इथंच राहू दे. दादा तसा समजूतदार माणूस. तो म्हणाला, ‘ठीक. पण एकदा जरी परत असं झालं, तर मी ऐकणार नाही.’ मोठ्या मायनं भिंतीकडचं तोंड फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिचं घर वाचवणार होते. मला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

पहिलं यंत्र आम्ही मसाल्याच्या डब्यातून केलं. गोल डबा, आत वाट्या, मधोमध लोह्यानं मोटर बसवलेली. गोळ्यांऐवजी शेंगदाणे टाकून बघायचो. चाक फिरायचं, शेंगदाणा अडकायचा, लोहा तो काढून खाऊन टाकायचा. तो प्रयोग फसला की त्याचं पोट भरायचं. पुढे अ‍ॅक्रिलिकची नीट पेटी झाली, वाटीपाशी सेन्सर आला, लाईट गेल्यावर चालावं म्हणून बॅटरी आली.

एकदा प्रयोगशाळेत लोह्यानं विचारलं, ‘सर, गोळी उचलून फेकून दिली तर? सेन्सरला काय कळनार हाय?’

सर म्हणाले, ‘अरे, माणूस स्वतःला कशाला फसवेल?’

तो विषय तिथंच संपला. आमच्या सरांचं असं होतं, अवघड प्रश्नाला ते सोपा प्रश्न विचारून गप्प करायचे.

वेबअ‍ॅप मराठीत करायचं हे कंधारनं ठरवलं. परीक्षकांना आवडतं म्हणे. मग मुख्य पानाला नाव काय द्यायचं यावर आम्ही चहाचे कितीतरी कप रिचवले. ‘औषध नोंद’ सरकारी वाटत होतं. ‘माझी गोळी’ लहान मुलांच्या पुस्तकासारखं. मला एकदम मोठी माय आठवली, तिचा शाळेतला तो लांबट हजेरीपट आठवला, आणि मी म्हणाले, ‘हजेरी’. गोळी घेतली की हिरवी खूण आणि पुढे ‘हजर’. नाही घेतली की लाल खूण आणि ‘गैरहजर’. सगळ्यांना पसंत पडलं. सरांनी तर ‘वा’ म्हटलं. त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस खूश होते. आज ‘हजेरी’ हा शब्द मला कुठं लिहिलेला दिसला तरी मी नजर वळवते.

सुट्टीत आम्ही तिघं यंत्र घेऊन लातूरला गेलो. बसमध्ये पेटी कंधारच्या मांडीवर होती आणि अहमदपूरपर्यंत कंडक्टर विचारत होता, आत कोंबडी आहे का. मोठ्या मायनं आम्हाला आधी जेवू घातलं, मग चष्मा लावून यंत्राची तपासणी केली, अगदी शाळा तपासायला साहेब येतात तशी. भोंगा ऐकला, गोळी उचलून पाहिली, माझ्या लॅपटॉपवर ‘हजर’ उमटलेलं पाहिलं. खुदकन हसली. मग सगळा हजेरीपट वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, ‘ह्याच्यात रजेचा रकाना कुठं हाय?’

आम्ही हसलो.

‘हसू नका. हजर हाय, गैरहजर हाय. रजा कुठं हाय? मास्तर मेला तरी त्याची रजा लिवावी लागती.’

मग तिनं नीट सांगितलं. दर पौर्णिमेला ती अष्टशील घ्यायची. पांढरं लुगडं, दिवसभर विहार, आणि दुपारी बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत अन्न नाही. मला हे माहीत होतंच, आमच्या घरी आईही घेते. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की संध्याकाळी जेवणार नसाल त्या दिवशी संध्याकाळची शुगरची गोळी घ्यायची नाही, साखर एकदम खाली येईल. म्हणजे महिन्यातून एक संध्याकाळ तिला रजा हवी होती. अर्ज अगदी रीतसर होता.

मी म्हणाले, करते की, छोटंसं काम आहे.

छोटंसंच होतं ते. एक बटण, एक करडी खूण, पुढे ‘रजा’ हा शब्द. एका दुपारचं काम. पण नांदेडला आल्यावर सर म्हणाले, सुटीचं बटण दिलं की पेशंट रोज सुटी घेतो, मग यंत्राचा उपयोग काय. त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. मी वाद घातला नाही. सर मार्क देणारे होते आणि मोठी माय फक्त शेंगदाण्याची चटणी देणारी. मग मी तिला फोनवर सांगितलं, ‘मोठे माय, पौर्णिमेला तू मला सकाळी फोन करत जा. मी इथून संध्याकाळचा भोंगा बंद करीन. तेवढी जागा कोरी राहील, दादाला पण मी सांगून ठेवते.’

‘म्हंजे रजा तोंडी,’ ती म्हणाली. ‘चालतंय. पर तोंडी रजा साहेब इसरला की गैरहजरी लागती बरं का.’

‘मी नाही विसरत.’

आषाढी पौर्णिमेला तिचा फोन आला, मी भोंगा बंद केला. श्रावणातही तसंच. दादा रोज पुण्यातून हजेरी बघायचा आणि वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा बघून त्याचा आवाज निवळत चालला होता. त्यानं तिला पुण्याचं विचारणं जवळजवळ सोडून दिलं. मोठी माय फोनवर म्हणायची, ‘तुमच्या पेटीनं मला पास केलं म्हनायचं.’ त्याच सुमारास दादानं माझा बायोडेटा त्याच्या कंपनीत पुढे पाठवला होता. सगळं सरळ चाललं होतं.

भाद्रपदाची पौर्णिमा आली त्या दिवशी आमच्या कॉलेजात प्रोजेक्टची स्पर्धा होती. सकाळीच आईचा पौर्णिमेच्या मंगल कामनांचा संदेश आला होता. मी तो वाचला होता. मला पौर्णिमा माहीत नव्हती असं म्हणायला जागाच नाही. मी मनाशी म्हटलं, आपला नंबर दुपारी आहे, तो झाला की भोंगा बंद करू. सकाळी मोठ्या मायचा फोन आला तेव्हा आम्ही स्टॉल लावत होतो. तो मी उचलला नाही, नंतर करू म्हणून.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. पाहुण्यांना लवकर यायचं वळण कुणी लावलेलंच नसतं. मग सत्कार, मग पाहुण्यांचं लांबलचक भाषण. आमचा नंबर ढकलत ढकलत संध्याकाळवर आला. तेव्हा कंधारच्या डोक्यात ते आलं.

‘अगं औसा, लातूरच्या मोठ्या मायची संध्याकाळची गोळी आपल्याच वेळेत पडते की. पडद्यावर लाइव्ह दाखवू. नांदेडला बसून लातूरची गोळी. सगळे खल्लास.’

लोहा म्हणाला, ‘हाव, भारी दिसंल.’

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की आज नको, आज पौर्णिमा आहे. मी म्हणाले नाही. मला माहीत होतं, म्हटलं असतं तर दोघंही लगेच ‘राहू दे’ म्हणाले असते. लोह्याच्या आजीचीच शुगर होती, त्याला सांगायचीही गरज नव्हती. मी गप्प राहिले, कारण मलाही ते दृश्य पाहिजे होतं. पडदा, टाळ्या आणि मध्ये मी लिहिलेला तो शब्द. मनाची समजूत मी अशी घातली की मोठी माय शहाणी आहे, तिला डॉक्टरांचं माहीत आहे, ती घेणार नाही. फार तर लाल खूण उमटेल, मी दादाला समजावीन. पण समजूत घालतानाही मला हिरवीच खूण हवी होती. हे दोन्ही एकाच वेळी माझ्या मनात होतं, आणि यातलं कोणतं खरं, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही.

आम्ही उभे राहिलो. कंधार बोलायला लागली. माझा फोन लॅपटॉपशेजारी होता. तो थरथरला, वर ‘मोठी माय’. मी तो उलटा ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा थरथरला आणि टेबलाच्या कडेकडे सरकत गेला. मी हातानं दाबून धरला.

एका परीक्षक बाईंनी विचारलं, ‘समजा पेशंटला काही कारणानं गोळी घ्यायची नसेल, तर तशी सोय आहे का?’

त्या बाईंना मी आजही विसरले नाही. मी माईक घेतला आणि सरांचं वाक्य माझं असल्यासारखं म्हणून टाकलं, ‘मॅडम, सुटीचं बटण दिलं की पेशंट रोज सुटी घेतो. आमचा भर शिस्तीवर आहे.’ त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग वेळ झाली. पडद्यावर संध्याकाळच्या रकान्यात पिवळा ठिपका लुकलुकायला लागला, म्हणजे लातूरला भोंगा वाजत होता. सगळं सभागृह त्या ठिपक्याकडे बघत होतं. ठिपका पिवळाच. अजून पिवळाच. दुसरे परीक्षक म्हणाले, ‘आजी ऐकत नाहीत वाटतं.’ हशा झाला. कंधारनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या कपाळावर घाम. मी त्या ठिपक्याला मनातल्या मनात म्हणत होते, हिरवा हो, हो ना. माझ्या मोठ्या मायला मी हे म्हणत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असंही मी लिहू शकत नाही. आलं होतं.

ठिपका हिरवा झाला. ‘हजर’. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच वाजवल्या असतील.

पहिल्या नंबरची ढाल घेऊन आम्ही कॅन्टीनला आलो, तेव्हा आईचा फोन आला. मोठी माय विहारात पडली होती.

नंतर कळलं ते असं. भोंगा बंद झालाय का बघायला ती विहारातून घरी आली होती; गोळी घेऊन परत विहारात गेली. वंदनेला उभी राहिली तेव्हा तिचे हात थरथरायला लागले, लुगडं घामानं ओलं झालं. बायकांना वाटलं उपवासानं होतंय. ती तोल जाऊन पडली, उजव्या हातावरच. तोंडाला पाणी लावलं तर ती दातखीळ बसल्यासारखी तोंड उघडेना, तिला वाटत होतं तिला काही खायला घालतायत. शेवटी भंतेजींनी सांगितलं, साखरेचं पाणी औषध म्हणून चालतं, घ्या बाई, तेव्हा तिनं घोट घेतला. तिच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं रिक्षातून दवाखान्यात नेलं.

मी पहिल्या बसनं निघाले. लोहा रात्रीच घरी गेला होता, तो त्याच्या गावच्या स्टँडवर माझ्या बसमध्ये चढला. त्याला अजून काही माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं यंत्रानं चुकून दोन गोळ्या टाकल्या, आणि तो मनातल्या मनात मोटर उघडून बघत होता. मी त्याला अहमदपूरला सांगितलं. तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, ‘सांगायचं ना गं.’ एवढंच. पुढे त्यानं माझ्याशी प्रोजेक्टचं कधी काढलं नाही.

मोठी माय खाटेवर होती, हाताला प्लास्टर, चेहरा एवढासा झालेला. मी तिच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. ती म्हणाली, ‘रडू नको, सलाईन मला लावलंय.’

मी म्हटलं, ‘मोठे माय, तुला माहीत होतं ना. मग घेतलीस कशाला? उचलून बाजूला ठेवायची. मशीनला काय कळतंय?’

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी वर्गात ढ पोराकडे बघत असेल. ‘बाजूला ठिवायची अन् हजर लिवायचं? खोटी हजेरी?’ ती म्हणाली. ‘न्हाई घेतली तर कोरं न्हाई, लाल गैरहजर, अन् दादा बॅग घिऊन दारात. तुला फोन लावला, तू उचलंना. मग म्हनलं घ्यावी, एका गोळीनं काय व्हतंय.’

तिच्या शाळेत खिचडीसाठी पटावर पोरं वाढवून लिहायची, ही सगळ्या तालुक्याची रीत होती आणि ती एकटी लिहायची नाही. त्यापायी तिची दोनदा बदली झाली होती. हे आमच्या घरात लहान पोरालाही माहीत. मी हजेरी हा शब्द निवडला तो तिच्याच हजेरीपटावरून, आणि तिच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ काय आहे, हे मी विसरले. दुसऱ्या कुणाही म्हातारीनं गोळी उचलून तुळशीत टाकली असती आणि आमचं यंत्र मजेत फसलं असतं.

दुपारी दादा पोचला. त्यानं डॉक्टरांशी बोलून घेतलं, मग खाटेशी स्टूल ओढला. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. मला म्हणाला, ‘पौर्णिमेला तू बंद करतेस ना ते? काल काय झालं?’

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

‘तिला काय इचारतोस?’ मोठी माय म्हणाली. ‘म्या फोनच न्हाई केला तिला. इसरले. भोंगा वाजला, सवयीनं गोळी घेतली.’

दादा तिच्याकडे वळला. ‘विसरलीस? पांढरं लुगडं नेसून बसलेलीस, आणि विसरलीस?’

‘वय झालं बाबा.’

दादाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पाहिलं. आई आता विसरायला लागली, हे त्याला त्या क्षणी पटलं. त्यानंतर लातूरच्या घराचा विषय वादाचा राहिला नाही. तो चहा आणायला बाहेर गेला तेव्हा ती मला हळूच म्हणाली, ‘तुझ्या नोकरीचं त्याच्या हातात हाय. गप ऱ्हा.’

माझ्या खिशात फोन होता, त्यात तिचे न उचललेले सगळे फोन लागोपाठ दिसत होते. तो नुसता दादाच्या हातात दिला असता तरी पुरलं असतं. आई विसरली नव्हती, आईनं सगळं नियमानं केलं होतं, चुकले ते मी, एवढं त्यातून कळलं असतं आणि प्लास्टर निघाल्यावर ती तिच्या घरी गेली असती. मी गप्प राहिले. नोकरी हे एक कारण होतं. दुसरं असं, की दादा चहा घेऊन आला आणि म्हणाला, ‘स्पर्धा जिंकलात ना? अभिनंदन. या गडबडीत म्हणायचं राहून गेलं.’ आणि मी म्हणाले, ‘थँक्यू दादा.’

ती पुण्याला गेली. मला नोकरी लागली आणि मीही पुण्याला आले. आता दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असते. सातव्या मजल्यावर तिची छान खोली आहे, सून चांगली आहे, नातू जीव लावतो. गोळ्या सून हातात देते. कशालाही नाव ठेवायला जागा नाही. खाली बागेत बसते तेव्हा सोसायटीतल्या बायका तिला ‘काकू’ म्हणतात. एकदा लिफ्टमध्ये वॉचमनला तिनं सांगितलं, की मी शाळेत बाई होते. तो ‘हां हां’ म्हणाला आणि दार लावून घेतलं. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. मला ते ऐकवेना.

मी तिच्यापाशी कितीदा विषय काढला. दरवेळी ती म्हणायची, आता घर भाड्यानं दिलंय, आता सांगून दोन घरांत वाकडं आणू नको. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि माझ्या सोयीचं होतं. सोयीचं होतं म्हणूनच मला ते बरोबर वाटतंय का, हे कळेनासं झालं, तेव्हा एका रविवारी जेवायला बसल्यावर मी दादाला सगळं सांगून टाकलं. स्पर्धा, पडदा, उलटा ठेवलेला फोन, टाळ्या. काहीच ठेवलं नाही. फोन मी कधीच बदलला होता, त्यामुळे दाखवायला हातात काही नव्हतं. मी नुसती बोलत होते आणि माझा आवाज माझाच मला शाळेत पाठ केलेलं भाषण म्हटल्यासारखा येत होता.

दादानं घास हातात तसाच धरून आईकडे पाहिलं. ‘आई?’

मोठी माय वरणात भाकरी कुस्करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘उगं काहीबाही बोलून राहिली. तिला वाटतंय असं म्हनलं की तू मला लातूरला धाडशील. म्या फोन केला नव्हता.’

‘मोठे माय,’ मी म्हटलं.

‘जेव गप.’

दादा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, ‘आई आयुष्यात खोटं बोललेली नाही, तुलाही माहीत आहे. पण तिच्यासाठी तू एवढं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालीस. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं गं.’

मी मान खाली घातली. त्याला तो माझा संकोच वाटला असणार. त्यानं माझ्या ताटात आपल्या हातानं आणखी एक भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.